अठराव्या वर्षानंतरचा पत्ता

(मुकुटबन येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पत्रिकेवर माझा विषय ‘निराधार मुलांचे उच्च शिक्षण आणि रोजगार’ असा छापला आहे. विषय भारदस्त आहे. मी बोलणार आहे ते मात्र दाखले, अर्ज, शिक्के आणि रहिवासी पुरावा यांच्याबद्दल. स्मृतिव्याख्यानात तहसील कचेरीच्या गोष्टी शोभत नाहीत असं कुणाला वाटलं, तर त्याला माझा इलाज नाही. आईबाप नसलेलं मूल बारावीच्या पुढे कुठे अडतं, हे बघण्यात माझी मास्तरकी गेली. ते गणितात अडलेलं मी क्वचित पाहिलं. ते अडतं खिडकीवर. आत बसलेला माणूस विचारतो, “वडिलांचा दाखला कुठाय?” आणि तिथे पोराची हुशारी संपते.

अमृता करवंदे हे नाव तुमच्यापैकी काहींनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. लहानपणीच वडिलांनी तिला गोव्यातल्या ‘मातृछाया’ या अनाथाश्रमात सोडलं. ती तिथेच वाढली, शिकली आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे बाहेर पडली. पुण्याला आली. पहिली रात्र स्टेशनवर काढली. मग मिळेल ते काम, संध्याकाळचं कॉलेज, पदवी, स्पर्धा परीक्षा. 2017 साली राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा तिला मुलींसाठीच्या कटऑफपेक्षा जास्त गुण होते, तरी तिची निवड झाली नाही. महिलांच्या जागेसाठी तेव्हा नॉन-क्रीमीलेअरचा दाखला लागत असे. तो आईवडिलांच्या उत्पन्नावरून मिळतो. जिच्यामागे आईवडीलच नाहीत तिनं कुणाचं उत्पन्न दाखवायचं? गंमत बघा. जिच्याकडे काहीच नव्हतं, तिला आपण श्रीमंत नाही एवढंच सिद्ध करता आलं नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. ती मुंबईला जाऊन मुख्यमंत्र्यांना भेटली. जानेवारी 2018 मध्ये मंत्रिमंडळानं अनाथांसाठी खुल्या प्रवर्गातून 1 टक्का समांतर आरक्षण मान्य केलं आणि एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला. या निर्णयावर सत्कार, भाषणं, मुलाखती पुष्कळ झाल्या. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. राज्यात इतकी वर्षं बालगृहं आहेत, अधीक्षक आहेत, समित्या आहेत, शिवाय आम्ही शिक्षक आहोत. आणि ही फट दाखवायला त्या फटीत पडलेली मुलगीच पुढे यावी लागली.

आता अठरा वर्षांविषयी. कायदा वाईट नाही. 2015 च्या बालन्याय कायद्याचं 46 वं कलम सांगतं की संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात उभं राहण्यासाठी आर्थिक मदत करता येईल. नियमांमध्ये अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या सांभाळाची, सोय एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशा मुलासाठी महिना 4,000 रुपयांची तरतूद आहे. कागदावर एवढं सगळं आहे. पण कलमात सक्ती नाही, आणि अनुरक्षणगृहांच्या जागा मोजक्या. शिवाय ही मदत मागायला जो हिंडेल त्यालाच मिळते. अठराव्या वर्षी हिंडायचं कसं हे आपल्या घरातल्या मुलालाही कळत नाही. त्याच्यासाठी आपण रजा टाकून हिंडतो.

वयाचीच आणखी एक तऱ्हा सांगतो. रस्त्यावर, स्टेशनवर, देवळाच्या पायरीवर सापडलेल्या मुलाची जन्मतारीख कुणाला ठाऊक असते? डॉक्टर दात बघतात, हाडं बघतात, अंदाजे वय लिहितात, त्यावरून तारीख ठरते. आपल्याकडे एक जूनला जन्मलेल्यांची पिढीच्या पिढी आहे, ती आम्हा मास्तरांची कृपा. त्यात कुणाचं बिघडलं नाही. फार तर निवृत्ती दोन महिने इकडेतिकडे झाली. पण या मुलांना त्याच अंदाजाच्या तारखेला घर सोडावं लागतं. ती तारीख जानेवारीत आली आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असली, तर मूल कोणत्या मनानं पेपर लिहीत असेल? समंजस अधीक्षक परीक्षा होईस्तोवर सांभाळून घेतात. पण माणुसकी अधीक्षकाच्या बदलीबरोबर बदलते.

यात नवं असं काही नाही. निराधार मुलाचं पुढे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी एका जोडप्याच्या दारात येऊन उभा राहिला होता. जोतिबा-सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं बाळंतपण केलं आणि तिचा मुलगा दत्तक घेतला, हे आपण शाळेत शिकवतो. त्याला घरात घेतलं, इथे आपला धडा संपतो. मला त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. 10 जुलै 1887 रोजी जोतिबांनी मृत्युपत्र केलं, ते रीतसर नोंदवलं आणि यशवंताला वारस ठरवलं. भाऊबंदांकडून पुढे काय होऊ शकतं याचा त्यांना पुरता अंदाज होता. पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पैशाची ओढाताण होती, तरी यशवंताचं शिक्षण चालू राहिलं. तो डॉक्टर झाला, सैन्यात नोकरीला लागला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं. त्यानं पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला आणि तिथे ती दोघं रोग्यांची सेवा करत राहिली. सावित्रीबाई त्यातच गेल्या. त्या मुलाच्या नावावर प्रेम होतंच, पण त्याच्या नावावर नोंदवलेला कागदही होता. समाजसुधारक म्हणून जोतिबा थोर होतेच. पालक म्हणून ते किती व्यवहारी होते, याकडे आपलं लक्ष कमी जातं.

आता आपल्या मुलखाकडे येतो. झरी जामणी तालुक्यात बसून पुण्याच्या अनाथाश्रमांवर बोलणं सोपं आहे. इथली मुलं आश्रमात नाहीत. ती मामाकडे आहेत, आजीकडे आहेत, मोठ्या बहिणीच्या सासरी आहेत. बाप कर्जापायी गेला, आई रोजमजुरी करते, किंवा आईनं दुसरं घर केलं आणि पोरं बुढीच्या गळ्यात पडली. 1986 साली याच यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायकापोरांसह जीव दिला, तिथून आजवर आपण शेतकरी आत्महत्यांचे आकडे मोजतो. मागं राहिलेली पोरं दहावीनंतर कुठे गेली, ते मात्र कुणी मोजत नाही. ती कुठे दिसतात ते मी सांगतो. दिवाळीच्या सुमाराला कापसाचा वेचा सुरू झाला की वर्गातले बाक रिकामे होतात. घरचं पोर चार दिवस बुडवतं, आश्रित पोर महिनाभर. मामाला दोष देत नाही. त्याच्या घरात तीन ताटं होती, त्यात चौथं आलं. पण वेच्याला कुणाला पाठवायचं हे ठरवताना मामीचं बोट आधी कुणाकडे वळतं, हे हजेरीपटावर स्पष्ट दिसतं. इथल्या शिक्षकानं हजेरीपट तेवढ्यासाठी वाचावा.

या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. राज्यात ती 1975 पासून चालत आली आहे. अनेक वर्षं महिना 425 रुपये मिळत, 2021 मध्ये 1,100 झाले आणि 2023 मध्ये 2,250. नावही बदललं, आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. करोनानंतर एकल महिलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले गावचे शिक्षक हेरंब कुलकर्णी यांनी, ही योजना गावोगाव पोहोचवायला मोठी खटपट केली. आई जिवंत असली तरी एकल पालकाच्या मुलाला ती मिळते. पण त्यासाठी बापाच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं, शाळेचं प्रमाणपत्र जमवून बाल कल्याण समितीचा आदेश मिळवावा लागतो. जिल्ह्याचं कार्यालय यवतमाळला. मुकुटबनहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून जास्त. आदिलाबाद आपल्याला त्याहून जवळ! मजुरी बुडवून आजीनं किती खेपा घालायच्या? या आजीचा कागद घेऊन जो मास्तर किंवा अंगणवाडीताई एसटीत बसते, तिला मी प्राचार्यांपेक्षा मोठी शिक्षणतज्ज्ञ समजतो.

आणि एवढं करूनही योजना अठराव्या वर्षी थांबते. बरोबर त्याच वर्षी कॉलेजचा खर्च सुरू होतो. हे गणित कुणी बसवलं असेल!

करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी केंद्रानं वेगळा विचार केला हे कबूल करायला हवं. पीएम केअर्समधून त्यांच्या नावे ठेव, अठरा ते तेवीस या वर्षांत दरमहा रक्कम आणि तेविसाव्या वर्षी 10 लाख रुपये. राज्यानंही अशा मुलांच्या नावे 5 लाखांची ठेव केली. याचा अर्थ सरकारला हे कळतं की अठरा ते तेवीस हाच खरा अवघड काळ आहे. मग विजेचा धक्का लागून, सर्पदंशानं किंवा फवारणीच्या विषबाधेनं आईबाप गेले तर मुलाचं अठरावं वर्ष निराळं असतं का? 2017 मध्ये फवारणीनं याच जिल्ह्यात घरं उद्ध्वस्त झाली, तुम्ही विसरला नसाल.

अनाथ आरक्षणात आता पूर्वीपेक्षा शहाणपण आलं आहे. 2021 मध्ये अनाथांचे अ, ब, क असे गट केले, आणि 6 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयानं संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोनच गट ठेवले. आईवडील दोघंही गेलेलं आणि नातेवाइकाकडे वाढलेलं मूल संस्थाबाह्य गटात येऊ शकतं. 2024 च्या जुलैत मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, तेव्हा या दोन्ही गटांतल्या अनाथ मुलामुलींनाही शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली गेली. मुलीच्या फीमाफीचे फलक गावोगाव लागले. अनाथ मुलग्यांनाही ती आहे, हे फलकावर नव्हतं. आज इथून घरी गेल्यावर कुणाला तरी सांगा. एवढं झालं तरी माझं येणं फुकट गेलं नाही असं मी धरीन. मात्र ज्याची आई जिवंत आहे असं आत्महत्याग्रस्त घरातलं मूल यात बसत नाही. ते अनाथ नाही आणि सनाथही नाही.

आता जरा अवघड विषय. या तालुक्याचं नाव राज्यभर ज्या कारणानं गाजलं ते कुमारी मातांचं कारण तुमच्यासमोर उच्चारताना मला संकोच वाटतो, कारण बाहेरून कॅमेरे घेऊन आलेल्यांनी या पोरींची पुरेशी शोभा केली आहे. मी त्यांच्या मुलांविषयी बोलतो, कारण त्यांतली कितीतरी आता कॉलेजच्या वयाची झाली आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. कोलाम आईनं कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, वाढवलेल्या मुलाला जमातीचा दाखला काढायला पाठवलं की बापाकडचे पुरावे मागतात. बाप नाव द्यायला तयार असता तर प्रश्न कशाला होता?

इथे शिक्षकाला एक निकाल पाठ असायला हवा. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं रमेशभाई डाभाई नायका यांच्या गुजरातमधल्या खटल्यात सांगितलं की मुलाची जात बापाचीच, हा नियम अबाधित नाही. आदिवासी आईनं आपल्या समाजात वाढवलेलं मूल, त्या समाजाचे भोग भोगलेलं मूल, आईची जमात सांगू शकतं. ते पुराव्यानं दाखवावं लागेल. मग पुरावा कुठून येणार? शाळेतून. पहिलीपासूनच्या नोंदी, कोणत्या पोडावर राहतं, घरी कोणती भाषा बोलतं, पालक म्हणून कुणाची सही आहे, आजीचा की मामाचा अंगठा. आपण कंटाळून भरलेले रकाने पंधरा वर्षांनी एखाद्याचं वैद्यकीय महाविद्यालय ठरवू शकतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचं, असं राज्यानं ठरवलं. चांगलं केलं. ती मुलं 2042 साली अठरा वर्षांची होतील. आज जी अठराची आहेत त्यांच्यासाठी तोवर आपल्यालाच खेटे घालायचे आहेत.

हे खेटे एका माणसानं आयुष्यभर घातले, ते आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर राहतात. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडची मुलं म्हणजे टाकून दिलेली आणि त्यात पुन्हा मतिमंद, मूकबधिर, अंध. बाबांनी त्यांना स्वतःचं नाव दिलं. आधार कार्डावर, शाळेत, मतदार यादीत वडील म्हणून शंकरबाबा. अपंग अनाथाला अठराव्या वर्षी बाहेर काढू नका, त्याचं आयुष्यभराचं पुनर्वसन करा, ही एकच मागणी ते वर्षानुवर्षं करत आले. अनेकांना तो हट्ट वाटला. मला त्यात हिशेब दिसतो. ज्याला रस्ता दिसत नाही, त्याला अठराव्या वर्षी कोणत्या रस्त्यावर सोडायचं?

याच घरातली माला पापळकर. जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचऱ्यात सापडलेली अंध मुलगी. वझ्झरला वाढली, ब्रेल शिकली, अमरावतीला पदवीपर्यंत गेली आणि 2024 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत उत्तीर्ण झाली. बातम्यांनी ‘कचराकुंडी ते कलेक्टर कचेरी’ अशी शीर्षकं दिली. मला तसलं शीर्षक आवडत नाही. त्यात मधली वीस वर्षं दिसत नाहीत. त्या वीस वर्षांत कुणीतरी पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित केली. स्पर्धा परीक्षा केंद्राच्या प्राध्यापकांनी फी न घेता तयारी करून घेतली. परीक्षेला लेखनिक लागतो, त्याची परवानगी लागते, अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं; कुणीतरी ते सगळं वेळेत केलं. मालाची जिद्द तर होतीच. पण पोरांना नुसत्या जिद्दीच्या गोष्टी सांगून आपण आपलं काम त्यांच्यावर ढकलतो, असा माझा जुना आक्षेप आहे.

दुसरं उदाहरण अगदी वेगळ्या धाटणीचं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शांतीलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेनं लातूर-उस्मानाबादची 1,200 मुलं पुण्याला आणली. वाघोलीला त्यांची शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. तिथे शिकून ती पोरं पुढे नोकरीधंद्याला लागली. नंतर मेळघाटातली आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतली मुलंही तिथे गेली. मुथ्था व्यावसायिक माणूस. त्यांनी मदतीचा ट्रक पाठवून हात झटकले नाहीत. पोरं पायावर उभी राहीपर्यंतचा खर्च आणि वेळ गृहीत धरला. देणगीदारांना भूकंप दोन महिने आठवतो.

कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे सुटलो, असंही नाही. वसतिगृहाला दिवाळीची सुट्टी लागते, मेस बंद होते, रेक्टर कुलूप घेऊन उभे राहतात. बाकीची पोरं घरी जातात. याला विचारलं, “तू कुठे?” तर तो म्हणतो, “मित्राकडे.” मित्राला ते माहीत नसतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या विद्यापीठानं 1998 पासून अशा पालकगृहांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना चालवली. तिच्यात सुट्टीतही राहायची खोली हा भाग होता. त्यासाठी अमेरिकेएवढा पैसा लागत नाही. वणीत आणि यवतमाळमध्ये दिवाळीचे पंधरा दिवस एक पोर घरी ठेवून घेणारी कुटुंबं लागतात. फराळ तर होतोच घरात.

मग नोकरी. मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना आला, 2022 पासून उत्पादन सुरू आहे. वणीकडे कोळशाच्या खाणी. आपल्या पोरांना तिथे काम मिळतं, पण बहुतेकांना ठेकेदाराकडे. बारावी नापास निराधार पोर ठेकेदाराला फार सोयीचं असतं. त्याच्या बाजूनं भांडायला कुणी येत नाही. म्हणून मी कला शाखेत नाव टाकून मोकळं होण्याच्या विरुद्ध आहे. आयटीआयचा फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मुलींना नर्सिंग, औषधनिर्माणची पदविका, यांत दोन-तीन वर्षांत हाताला काम येतं. मग पुढची पदवी मुक्त विद्यापीठातून खुशाल घ्या. काही सुशिक्षित मंडळींना हे खालच्या दर्जाचं वाटतं. त्यांच्या मुलांना नोकरीविना पाच वर्षं पोसणारा बाप घरात आहे. पहाटे वणीच्या रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं मी पाहिली आहेत. धावू द्या, पण धावता धावता हाताखाली एक ट्रेड असू द्या.

हे सगळं अठराव्या वर्षी सुरू करून जमत नाही. नववीत सुरू करावं लागतं. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एकच आहे का, बघा. बापाचा मृत्यूचा दाखला काढला का? शेत असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का? नाहीतर पोर पुण्यात शिकत असताना चुलता फेरफार करून मोकळा होतो. अनाथ प्रमाणपत्रासाठी अर्ज केला का? खातं पोराच्याच नावे आहे का, आणि पासबुक त्याच्याजवळ आहे का? शाळेत ‘पालक सभा’ अशी पाटी आपण ज्या दिवशी लावतो, त्या दिवशी हे पोर कोपऱ्यात उभं असतं. त्या दिवशी त्याचे कागद तपासा. त्याला सभेचा उपयोग होईल आणि आपल्यालाही.

आणि नोकरी लागल्यानंतरचा पहिला महिना ध्यानात ठेवा. नेमणुकीचं पत्र आलं की गावात पेढे वाटतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. पगार मात्र महिना संपल्यावर, कधी कागदपत्रं अडली तर दोन-तीन महिन्यांनी. तोवर नागपूर-पुण्यात खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, दोन इस्त्रीचे कपडे. घरमालक करारावर ओळखीच्या माणसाची सही आणि फोन नंबर मागतो. रुजू होताना चारित्र्य पडताळणीच्या अर्जात मागच्या पाच वर्षांचे पत्ते लिहावे लागतात, आणि पोलीस त्या पत्त्यावर चौकशीला येतात. संस्थेत, मामाकडे, वसतिगृहात, मित्राच्या खोलीवर राहिलेल्या पोरानं तिथे काय लिहायचं? तिथे मुकुटबनचा पत्ता लिहिता यावा. त्या पत्त्यावर शिपाई आला तर “हो, आमचाच आहे, बसा, चहा घ्या,” असं सांगणारं माणूस घरात असावं.